फणसाखालचे रिंगण



पंढरीहून परतलेल्या माणसाला गावात दोन-चार दिवस मान असतो. लोक पाया पडतात, बुक्का मागतात, यंदा वाटेत पाऊस कसा होता म्हणून विचारतात. त्या वर्षी आषाढीनंतर मीही असाच रोह्याच्या एस.टी. स्टँडवर उतरलो. खांद्याला पडशी, हातात टाळ, आणि खोटे कशाला सांगू, मनात थोडा ताठाही होता. या वयात आळंदी ते पंढरपूर सगळी वाट पायी झाली होती. घरी येऊन वाडीचे फाटक ढकलले. मी निघालो तेव्हा मृगाचा पाऊस नुकता लागला होता. आता साऱ्या वाडीत गुडघाभर गवत माजले होते. फक्त फणसाखाली एक गोल होता, आणि त्या गोलात गवताची काडी नव्हती. नुसता तुडवून घट्ट झालेला चिखल. मधोमध फणसाचे खोड, आणि खोडापासून गोलाच्या कडेपर्यंतचे अंतर बरोबर मोत्याच्या साखळीएवढे.

मोत्या मला बघून उठला. शेपूट हलवली, दोन पावले पुढे आला, साखळी ताणली गेली. मग तो वळला आणि सवयीने त्याच गोलात चालू लागला.

मी जेवढे दिवस चालत होतो तेवढेच दिवस तोही चालत होता. फरक एवढाच की माझ्या वाटेला पंढरपूर होते.

वारकऱ्यांच्या मासिकात कुत्र्याविषयी काय लिहायचे, असे कोणाला वाटेल. मलाही वाटले, म्हणून दोन वर्षे लिहिले नाही. पण वारीला निघताना घरी काय बांधून ठेवले, हा प्रश्न काही सुटेना. तेव्हा हा प्रमाद सगळ्यांपुढे मांडतो.

मोत्या मूळचा पेणचा. माझ्या धाकट्या भावाने घराबाहेर टाकलेले पिल्लू उचलून आणले होते. गावठीच, तांबूस रंगाचे, एक कान पडका. भावाचे घर लहान. पुढे अंगण म्हणजे तुळशीवृंदावन आणि एक स्कूटर मावेल इतकेच. पण वहिनीचा नेम होता. सकाळी एकदा आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आत एकदा, पट्टा लावून मोत्याला घेऊन ती बाहेर पडायची. भोगावतीच्या काठाने, मग गणपतीच्या कारखान्यांसमोरून, पोह्यांच्या गिरणीवरून घरी. मी कधी पेणला मुक्कामाला असलो की थट्टा करायचो, "वहिनी, कुत्र्याला फिरवता की तो तुम्हाला?" ती म्हणायची, "भाऊजी, त्याला दिवसभराचं वर्तमानपत्र वाचायचं असतं. मी नुसती पानं उलटते."

हे बोलणे मला तेव्हा गमतीचे वाटले. पुढे भावाच्या मुलाची परदेशी नोकरी, त्याच्याकडे वर्षभर जाऊन राहायचे ठरले, आणि मोत्याला कोण ठेवून घेणार हा प्रश्न आला. मी लगेच म्हणालो, माझ्याकडे रोह्याला आणा. इथे पंधरा गुंठ्यांची वाडी आहे. नारळ, सुपारी, फणस, आंबे. तुमच्या त्या हातभर अंगणात तो काय हलणार? इथे मोकळा धावेल. पट्टा लावून फिरवायची गरजच नाही.

मोत्या आला. पहिले आठ दिवस वाडीचा कोपरा न् कोपरा हुंगला. नवव्या दिवसापासून फाटकाशी जाऊन बसला. धावतो कुठला! मी समोर उभा राहिलो तर माझ्याबरोबर चार उड्या मारायचा. मी घरात गेलो की पुन्हा फाटक. पंधरा गुंठ्यांतले साडेचौदा गुंठे त्याला नसल्यासारखेच. पुढे तो पुढच्या पायाचा पंजा चाटत बसू लागला. चाटून चाटून केस गेले, कातडी लाल झाली. गुरांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी मलम दिले आणि विचारले, "याच्याबरोबर चालतं कोण?" मी वाडीचे क्षेत्रफळ सांगितले. ते म्हणाले, "गुरुजी, मी जागा नाही विचारली."

शाळेत पस्तीस वर्षे मुलांना हेच सांगत आलो, की प्रश्न नीट ऐका आणि मग उत्तर द्या.

कुत्र्याचे जग मुख्यतः नाकाने बनलेले असते. त्याची घ्राणशक्ती आपल्या कितीतरी पट आहे. रस्त्याच्या कडेचा एक दगड म्हणजे त्याला काल कोण आले, कोण आजारी आहे, कोणत्या दिशेला गेले, याची नोंदवही. ती नोंदवही रोज नवी लिहिली जाते. वाडीत मात्र कालचाच मजकूर. कुंपणाच्या आत कोणी येत नाही, कोणी जात नाही, मग वाचायचे काय? वहिनीचे वर्तमानपत्र ते हेच. शिवाय कुत्रा हा कळपाचा प्राणी. हजारो वर्षे तो माणसाबरोबर चालत आला आहे: शिकारीला, गुरांमागे, धनगरांच्या मेंढ्यांबरोबर. चालणे आणि सोबत या दोन गोष्टी त्याच्या अंगात एकमेकींत विणलेल्या आहेत. एकट्याला मोठे मैदान दिले तर तो बसून राहतो, आणि कोणी बरोबर असले तर अरुंद पायवाटेवरही त्याचे कान उभे राहतात.

आता यात वारकऱ्याला न कळण्याजोगे काय आहे? आपल्याला लोक विचारतातच, देव घरात आहे, देव्हाऱ्यात विठ्ठल आहे, मग अडीचशे किलोमीटर चिखल तुडवत जाता कशाला? आपण त्यांना काय सांगतो? देव घरात आहे हे खरेच, पण वाट चालावी लागते आणि ती एकट्याने चालून भागत नाही. पुढे पताका, मागे तुळस डोईवर घेतलेली माउली, शेजारी अनोळखी माणसाचे पाऊल आपल्या पावलाशी पडते, तेव्हा आत काहीतरी सैल होते. आमच्या रोह्याचे धावीर महाराजसुद्धा दसऱ्यानंतर देवळात बसून राहत नाहीत. पालखीत बसून गावाला भेटायला निघतात, पोलीस त्यांना सलामी देतात, घरोघर रांगोळ्या पडतात. आणि पेण तालुक्यातल्या गागोद्याला जन्मलेले विनोबा! 1951 साली पोचमपल्लीहून भूदान सुरू झाले, आणि पुढे तेरा वर्षे हा माणूस देशभर चालत राहिला. ज्या भागात देवही फिरतो आणि संतही, तिथला मी, मोत्याला सांगत होतो की तुला बाहेर जायची गरज काय.

मग वारी आली. आमच्या दिंडीचा नेम चुकवायचा नव्हता. शेजारचा मुलगा दोन वेळा भात-दूध घालायला तयार झाला. पण फाटक जुने होते आणि मला भीती वाटली, की हा माझ्या मागोमाग स्टँडपर्यंत येईल, रस्त्यावर गाडीखाली सापडेल. म्हणून फणसाच्या खोडाला सैल कडे घातले, त्यात साखळी अडकवली, वर पत्रा टाकून आडोसा केला, आणि "माउली, याला सांभाळ" असे म्हणून निघालो. मोत्या भुंकला नाही. नुसता बघत राहिला. निघताना मला वाटले, सगळी नीट व्यवस्था केली.

नीरेच्या काठी माउलींच्या पादुकांना स्नान झाले. चांदोबाच्या लिंबाजवळ उभे रिंगण झाले. पुढे खुडूसला गोल रिंगण. अश्व सुटला. तुम्ही पाहिले असेलच ते. माउलींचा अश्व, त्यावर स्वार नाही, मोकळा वाऱ्यासारखा फेरा घालतो आणि लाखभर माणसे श्वास धरून उभी असतात. तो गेल्यावर त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. मीही गर्दीत शिरून चिमूटभर माती मिळवली, कपाळाला लावली, उरलेली कागदात बांधून घेतली. डोळ्यांत पाणी आले होते.

ती पुडी खिशात असतानाच मी फणसाखालच्या गोलाशी येऊन उभा राहिलो.

एका जनावराच्या पायाखालची माती मी कपाळाला लावली होती, आणि दुसऱ्या जनावराच्या पायाखालची माती माझ्याकडे बघत होती. मला ती उचलून लावता आली नाही. लावली असती तरी तो देखावाच झाला असता. मी साखळी काढली. मोत्या लगेच बाहेर आला नाही. गोलाच्या कडेपर्यंत आला आणि थांबला. साखळी नसतानाही थांबला. एक पाऊल पुढे टाकायला त्याला बराच वेळ लागला.

त्या रात्री हरिपाठ झाला, पण मन लागेना. भूतदया हा शब्द आपण किती सहज वापरतो, हे डोक्यात घोळत राहिले. आपली भूतदया बहुतेक वेळा घासाची असते. गाईला घास, मुंगीला साखर, कावळ्याला पान, कुत्र्याला भाकरी. घास वाईट नाही. पण घास देण्यात एक सोय आहे: देऊन हात झटकता येतात. देताना मी दाता असतो, वरच्या पायरीवर उभा असतो. बरोबर चालायचे म्हटले की ती पायरी राहत नाही. त्याच्या चालीने चालावे लागते, तो थांबला की थांबावे लागते, आणि माझा वेळ जातो. भाकरी जास्तीची असते, वेळ जास्तीचा नसतो. म्हणून आपण भाकरी देतो.

नामदेवरायांची गोष्ट आपण सगळे कीर्तनात ऐकतो. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी कशी खाशील म्हणून. कीर्तनकार तुपाचे वर्णन रंगवून करतात, आणि ते योग्यच. पण मला आता त्या गोष्टीतले धावणे जास्त दिसते. महाराज जागेवर बसून कुत्र्याला हाक मारत नाहीत, वाटी अंगणात ठेवून मोकळे होत नाहीत. कुत्रा जिकडे जातो तिकडे जातात. भक्त आणि कुत्रा, दोघे एका वाटेवर. महाभारतात शेवटच्या प्रवासात धर्मराजाबरोबर जो कुत्रा उरतो, तो काही राजवाड्यात पाळलेला नव्हता. हस्तिनापूर सोडल्यावर तो मागे लागला आणि चालत राहिला. बरोबर चालला एवढाच त्याचा हक्क, आणि त्या हक्कापुढे धर्मराजाने स्वर्गाचे दार मागे ठेवले. गीतेच्या पाचव्या अध्यायात समदृष्टी सांगताना भगवंतांनी ब्राह्मण, गाय आणि हत्ती यांच्याबरोबर कुत्र्याचे नाव घेतले आहे. तरी कुत्र्याला उंबऱ्याशी आलेले चालत नाही, सोवळे मोडते, असे म्हणणारे आपल्यात आहेतच. दत्तमहाराजांच्या पायाशी चार कुत्रे आहेत, त्यांना हात जोडताना मात्र सोवळे आड येत नाही.

हे झाले धर्माचे. कायद्याचे ऐकून मी चकित झालो. राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी प्राण्यांच्या छळाविरुद्ध विधेयक आणले. त्या नृत्यासाठी नावाजलेल्या, पण या कामातही तितक्याच निश्चयी. त्यातून पुढे 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. त्याच्या अकराव्या कलमात क्रूरता म्हणजे काय याची यादी आहे. मारणे, अति ओझे लादणे, उपाशी ठेवणे हे आहेच. पण त्यात असेही स्पष्ट आहे, की नेहमी साखळीला बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसे चालवले-फिरवले नाही, तर तीही क्रूरता. मी भात-दुधाची व्यवस्था केली होती, पत्र्याचा आडोसा केला होता, तरी कायद्याच्या पुस्तकात माझे नाव बसत होते. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. एवढ्या दंडाने कोणी बदलणार नाही हे उघड आहे. पण साठ वर्षांपूर्वी दिल्लीत बसलेल्या माणसांना जे सुचले ते मला वारी करून सुचले नाही, हे लागले.

आमच्या भागात हा प्रश्न आता वाढतोही आहे. रोह्याहून पेणला गाडीने जाताना निडी, नागोठणे, कासू या वाटेवर खिडकीतून पाहा. भातशेतीच्या जागी कुंपणे उभी राहत आहेत. मुंबई-पुण्याच्या मंडळींचे बंगले. मालक शनिवार-रविवारी येतात, कधी तेही नाही, आणि फाटकाशी एक कुत्रा बांधलेला असतो. लॅब्राडोर, अल्सेशियन, भारीतले. माळी भाकरी टाकतो. पूर्वी आमच्याकडे कुत्रा राखणीलाच असायचा, पण तो खळ्यावर माणसांत असे, गुराख्याबरोबर रानात जाई, पोरांबरोबर नदीवर जाई. राखण हे त्याचे काम होते आणि गाव हे त्याचे घर. आता राखण राहिली आणि गाव गेले. मग तो भुंकतो, चावतो, आणि मालक म्हणतो कुत्रा डांबरट आहे. पिल्लू तीन-चार आठवड्यांचे झाल्यापासून पुढचे दोन-अडीच महिने जग पाहते. माणसे, मुले, सायकली, इतर कुत्री तेव्हा भेटली तर त्याला कशाची भीती राहत नाही. ते दिवस कोंडून गेले तर पुढे सगळेच त्याला शत्रू दिसतात. चूक कोणाची आणि डांबरट कोण?

याचा अर्थ कुत्रा मोकाट सोडावा असा कोणी काढू नये. मुंबई-गोवा रस्त्यावर काय होते ते आपण पाहतोच. रेबीजची लस चुकवायची नाही, गळ्यात पट्टा हवा, दोरी आपल्या हातात हवी, दुसऱ्याच्या कोंबड्यांकडे जाऊ द्यायचे नाही. उन्हाळ्यात डांबर तापण्याआधी, पहाटेच निघावे; आपला तळहात ज्या रस्त्यावर टिकत नाही त्यावर त्याचा पंजाही टिकत नाही. पावसाळ्यात घरी आल्यावर पाय पुसावेत, कानामागे गोचीड पाहावी. आणि ज्याला रोज अर्धा-पाऊण तास देता येत नाही त्याने कुत्रा पाळू नये. हे मी कडक बोलतो आहे, पण बोलायचा अधिकार मला अपराधानेच दिला आहे.

एक गोष्ट 2024 च्या आषाढातली. बेळगाव जिल्ह्यात निपाणी तालुक्यात यमगर्णी गाव आहे, आपल्याच मराठी माणसांचे. तिथला एक काळा कुत्रा, गावकरी त्याला ‘महाराज’ म्हणत, भजनात बसायचा. त्याची भजनावर ओढ. गावातले एक वारकरी पायी पंढरीला निघाले तर हा त्यांच्याबरोबर चालत गेला. पंढरपुरात दर्शनानंतर चुकामूक झाली. शोधला, सापडला नाही. ते गृहस्थ जड मनाने घरी परतले, आणि दुसऱ्या दिवशी बघतात तर हा दारात शेपूट हलवत उभा. अडीचशे किलोमीटर एकटा चालत आला. गावाने हार घातला, ओवाळले, जेवणावळ घातली. बातमी सगळीकडे झाली आणि लोक म्हणाले, केवढा चमत्कार.

मी ती बातमी मोत्याला शेजारी घेऊन वाचली. चमत्काराचे मला ठाऊक नाही. मला त्यात साधी गोष्ट दिसली: त्या कुत्र्याला कोणी बांधून ठेवले नव्हते. जाताना त्याने वाट वाचली होती, म्हणून येताना ती त्याला सापडली. माझ्या मोत्याला मी सोडले असते तर त्याला रोह्याचा स्टँडसुद्धा सापडला नसता, कारण मी त्याला फाटकापलीकडे कधी नेलेच नव्हते.

वर्षभराने वहिनी परतली. मोत्याला न्यायला पेणहून आली तेव्हा मी तिला सगळे सांगितले, गोलासकट. मला वाटले ती रागावेल. ती फणसाखाली जाऊन उभी राहिली. तिथे अजून गवत धरले नव्हते. म्हणाली, "भाऊजी, तुम्ही पंढरीला गेलात, पण याला कोणी विचारलं का, येतोस का?" मग म्हणाली, "ठेवता का तुमच्याकडेच? आता तुम्हाला ठाऊक झालंय." मोत्या राहिला.

आता पहाटे काकडआरतीच्या वेळेला आम्ही दोघे निघतो. कुंडलिकेच्या काठाने, पूल ओलांडून अष्टमीपर्यंत आणि परत. मी तोंडाने हरिपाठ म्हणतो. तो मध्येच थांबतो, तेव्हा अभंग अर्ध्यावर राहतो. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा, नामात विघ्न म्हणून. हल्ली मी थांबतो, तो दगड वाचून होईपर्यंत, मग पुढचा चरण घेतो. पाठ संपायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो. दिंडीतले एक बुवा परवा म्हणाले, "गुरुजी, कुत्र्यासाठी हरिपाठ खंडित करता?" मला उत्तर सुचले नाही. मी त्यांना म्हटले, उद्या पहाटे तुम्हीही चला.

गेल्या वर्षी वारीला जाताना शेजारच्या त्याच मुलाला भाताऐवजी पट्टा हातात दिला. वाट दाखवली, कुठल्या दगडाशी किती थांबायचे तेही. दर दोन दिवसांनी त्याचा फोन यायचा. वाखरीला असताना शेवटचा आला: "आजोबा, आज तो अष्टमीच्या पुढे निघाला होता. मी पण गेलो."